फोन कुठवर पोचला

१

रोज सकाळी तोंड धुऊन झालं की मी आधी पुढच्या खोलीतल्या फळीपाशी जायचो आणि फोनच्या पाठीला उलटा हात लावायचो. पंख्याच्या मोटारी गुंडाळण्यात माझी बेचाळीस वर्षं गेली. मोटार बरी आहे की नाही ते तिच्या अंगाला हात लावला की मला कळतं. फोनचंही तसंच असेल असं धरून चाललो होतो.

फोन बायकोचा. जुना, एका कोपऱ्यात काच तडकलेली. तिचं विसरणं वाढलं तसा तो पडून राहिला. ती तो उलटा धरून कानाला लावायची आणि "कुणी बोलतच नाही" म्हणून परत ठेवून द्यायची. एका सुट्टीत मुलीने तो उचलला. मुलगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, दोन तासांच्या अंतरावर राहते.

"बाबा, मी यावर बिटकॉइनचा नोड चालवणार आहे. माझ्याकडे इंटरनेट मोजून मिळतं, तुमच्याकडे नुसतं पडून असतं."

"चालव की. पण म्हणजे काय, ते माझ्या बेताने सांग."

"देवघेवीच्या हिशेबाची एक वही आहे असं समजा. जगभर हजारो लोक तीच वही आपापल्या घरी ठेवतात, म्हणजे ती कुणा एकाच्या मुठीत राहत नाही. दर दहा मिनिटांनी तिच्यात एक पान वाढतं. आपला फोन ती वही पहिल्या पानापासून मागवून घेणार, एकेक पान तपासणार आणि जपून ठेवणार."

"आणि आपल्याला काय मिळणार?"

"काही नाही."

"मग बरोबर आपल्याच घराण्याचा धंदा निवडलास."

ती हसली. तिने फोनमध्ये मोठं कार्ड घातलं. बॅटरी फुगली होती, ती मी काढली आणि तिच्या जागी तारा जोडून दिल्या. वायर काढली की फोन बंद, लावली की चालू.

"एकदा पोट फाडलंत तेवढं पुरे," मुलगी म्हणाली. "आता फक्त गार ठेवा. तापला की आपोआप हळू होतो. सुरुवातीची पानं जवळजवळ कोरी आहेत, ती भराभर जातील. नंतरची गच्च भरलेली, तिथे दमेल. आजच्या तारखेला यायला दोन-अडीच महिने लागतील. रोज सकाळी मला सांगायचं, कुठवर पोचला."

पडद्यावर मोठ्या अक्षरांत एकच ओळ होती, तपासून झालेल्या पानाची तारीख. ३ जानेवारी २००९.

बायको दारात उभी राहून पाहत होती. त्या दिवसांत ती मला काका म्हणायची. "काका," ती म्हणाली, "आमचे हे आले की तुम्ही गेलात तरी चालेल हं."

२

दुसऱ्या दिवशी तिने मला "अहो" अशी हाक मारली. मी हातातली कपबशी खाली ठेवली आणि "ओ" दिली. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "नव्या गोळ्या लागू पडल्या." मलाही तेच खरं वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी ती एकटीच आतल्या खोलीतलं टेबल ओढत होती.

"अगं, काय करतेस?"

"उद्या रंगारी येणार ना? खोली रिकामी नको करायला? तुम्ही बसा नुसते बघत."

आमच्या घरी रंगारी आयुष्यात एकदाच आला. रंगाचा नंबर आणि तारीख त्याने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवली होती. फोनवर तेव्हा १३ मार्च २०११ दिसत होतं. मला उगाच काहीतरी आठवल्यासारखं झालं, म्हणून मी कपाट उघडलं. कपडे बाजूला सारून, चष्मा लावून वाचलं. १४ मार्च २०११.

बाहेर आलो. पेन्सिलीची ती ओळ बघत बसण्यात माझे दीड-दोन तास गेले होते. बायको खिडकी सताड उघडून पदराने वारा घेत होती.

"पंधरा दिवस झाले तरी वास जात नाही मेला," ती म्हणाली.

मी फोनकडे पाहिलं. २९ मार्च.

घरात कसलाही वास नव्हता.

३

मी शिकलेला नाही, पण खुळाही नाही. मोटार फिरत नसेल तर आधी बटण बघायचं, मग वायर, मग गुंडाळी. देवाला दोष शेवटी. विसरणारी माणसं जुनंच बोलतात हे मला माहीत होतं. आकडे जुळले असतील. शंभर गोष्टी बोलल्यावर एखादी जुळायचीच.

म्हणून मी वायर काढली आणि दोन दिवस फोन बंद ठेवला.

त्या दोन दिवसांत बायकोने माझ्या पांढऱ्या सदऱ्याला बटण लावलं. लावलं, उसवलं, पुन्हा लावलं. "बहिणीकडे जायचंय ना आज, निघा लवकर," असं ती दोन्ही दिवस दर तासाला म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी मी वायर लावली. अर्ध्या तासाने ती दमून खुर्चीत बसली. "झालं बाई जाऊन येणं. तुमची बहीण काही बदलायची नाही."

मला हसू आलं, आणि हसता हसता मी वायर घट्ट बसली आहे ना ते पुन्हा पाहिलं.

मुलीला हे कसं सांगायचं? तिचा फोन आला की तारीख सांगायचो आणि आई बरी आहे म्हणायचो. ते खोटं नव्हतं.

मग २०१४ आलं. त्या साली मी स्वतःचं दुकान टाकलं होतं. मुलगा माझ्या हाताखाली उभा राहिला होता, आणि बायको दुपारी डबा घेऊन यायची ती संध्याकाळपर्यंत बसून तारेखाली घालायचा कागद कापून द्यायची. आम्ही तिघं. ते वर्ष दोन दिवसांत जाणार होतं. मी पंखा बंद केला आणि फोनला माझी लोकरीची टोपी घातली. तो तापला, दमला, आणि ते वर्ष मी नऊ दिवस पुरवलं. नऊ दिवस ती माझ्याशेजारी बसून वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापत होती. माझी नजर फळीवर गेली की म्हणायची, "तिकडे काय बघता? मी इकडे आहे."

४

पण त्याच वाटेवर पुढे २०१७ चा जून होता.

त्या जूनमध्ये आमचा मुलगा गेला. माल आणायला गेला होता, गाडी घसरली. सकाळी अकराला फोन आला होता.

मी टोपी काढली. एका जळक्या मोटारीचं अॅल्युमिनियमचं झाकण कापून त्याला उष्णता जायला पाती काढली, फोनच्या पाठीला घट्ट बसवलं, वर ओलं फडकं टाकलं आणि समोर टेबलफॅन लावला. माझ्या मनात एवढंच होतं की ते दिवस लवकर सरावेत. वहीतला एक दिवस सरायला एरवी अर्धा तास लागे, तो आता सात-आठ मिनिटांत सरू लागला.

ती तारीख आली तेव्हा बायको भांडी पुसत होती. कसलाही फोन वाजला नाही. ती आपण होऊन दाराशी गेली आणि उंबऱ्यावर बसली. मला काही सांगावं लागलं नाही.

वर्षभराचं रडणं दोन दिवसांत बसवलं की काय होतं ते मी पाहिलं. तिचा श्वास पुरत नव्हता. एक हुंदका संपायच्या आत दुसरा. मधेच ती उठायची, केस बांधायची, शेजारणीशी बोलल्यासारखं दोन वाक्यं बोलायची, आणि पुन्हा कोसळायची. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो आणि समोर तो पंखा फिरत होता. मीच लावलेला. उठून बंद करावा तर तिला तिथेच ठेवल्यासारखं होईल. म्हणून मी तो चालू ठेवला.

तिसऱ्या दिवशी तिने डोळे पुसले आणि माझ्या गालावर हात ठेवला. "तुम्ही खाल्लंत का काही?" म्हणाली.

५

ज्या साली तिचं विसरणं सुरू झालं, ते जवळ आलं तसा माझा जीव वर-खाली होऊ लागला. पण ते साल आलं आणि गेलं. ती विसरली नाही. या वहीत लिहिलेलं खोडता येत नाही, असं मुलगी म्हणाली होती. मी त्या बोलण्याचा आधार धरला. दुसरा होता कुठे?

आजच्या तारखेला फोन पोचला त्या दिवशी मुलगी आली. बायकोने तिला दारातच न्याहाळलं.

"किती वाळलीस गं! कॉलेजात खडू खाऊन राहतेस का?"

मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली. मग फोन तपासला आणि डोळे पुसत म्हणाली, "पोचला, बाबा. आता दहा मिनिटांनी फक्त एक पान. हे तुमचं गार करायचं यंत्र काढून टाका, त्याची गरज नाही."

मी हो म्हटलं, पण काढलं नाही. काम चांगलं झालं होतं. आपल्या हातचं चांगलं काम माणसाला मोडवत नाही. माझी चूक म्हणाल तर एवढीच.

सात दिवस आम्ही नवरा-बायको होतो. भांडलोसुद्धा.

६

आठव्या दिवशी सकाळी फोनवर उद्याची तारीख होती.

"घड्याळ चुकलं असेल," मुलगी फोनवर म्हणाली. "उद्याचं पान आज जगात कुणाकडेच नसतं, बाबा."

मी खिडकीत आलो. बायको तिथेच उभी होती. समोरच्या दुकानात शिंपी मशीनवर वाकून काहीतरी शिवत होता. मला पाहून त्याने तोंडात सुई धरूनच हात वर केला.

"शिंप्याचं दुकान बंद बघवत नाही," बायको म्हणाली. "चांगला होता हो माणूस."

मी तिच्याकडे पाहिलं. ती शिंप्याकडेच बघत होती.

दुसऱ्याच दिवशी ते दुकान उघडलं नाही. झोपेतच गेला म्हणाले.

तेव्हा मी वायरीला हात घातला होता. घातलाच होता. पण आतून तिच्या हसण्याचा आवाज आला. रेडिओवर काहीतरी लागलं होतं. वायर काढली तर ती एकाच दिवसात अडकणार, सदऱ्याला बटण लावत बसली होती तशी. मी म्हटलं, उद्या काढू. मुलीला विचारून काढू.

दुसऱ्या दिवशी माझी डोळ्यांच्या दवाखान्यात पाळी होती. डोळ्यांत थेंब घातल्यावर तास-दोन तास बसवून ठेवतात. दुपारी परत आलो तेव्हा सगळं धुरकट दिसत होतं. पंखा सोसाट्याने फिरत होता.

"अगं, आलो गं," मी म्हटलं.

बायको टेबलापाशी बसली होती. तिने कपात चहा ओतला. एकाच कपात. मी समोर बसलो, तिच्या हातावर हात ठेवला. तिने हात काढून घेतला नाही. नुसता अंगावर काटा आल्यासारखा चोळला आणि उठून खिडकी लावली.

मी फोन डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. थेंबांमुळे आकडा जुळेना. पुन्हा पुन्हा पाहिला. आजपासून त्रेचाळीस दिवस पुढची तारीख होती.

मी वायर उपटली.

या त्रेचाळीस दिवसांतल्या कुठल्या पानावर मी गेलो, ते मला कळलेलं नाही.

७

मोटार बंद केली की थांबते, उलटी फिरत नाही. बायको त्या एका दिवसात थांबली.

रोज सकाळी ती माझं कपाट उघडायची. सदरे घड्या घालून चादरीत बांधायची. चष्म्याचं घर हातात घेऊन बसायची, आणि तेही गाठोड्यात टाकायची. संध्याकाळी मी गाठोडं सोडून सगळं जागच्या जागी लावायचो. सकाळी ती पुन्हा उघडायची, आणि पहिल्यांदाच उघडल्यासारखी दारातच थबकायची.

मी समोर उभा राहिलो. हाका मारल्या. एकदा तिच्या खांद्याला धरून हलवलं. तिची नजर माझ्यातून आरपार जाऊन भिंतीवर थांबायची. हाकेला ती मान वळवायची खरी, पण भलत्याच बाजूला.

मग ती मुलीशी फोनवर बोलताना मी ऐकलं.

"एकटीला सवय नाही गं घराची... नाही, जेवले... एक सांगू? हसू नकोस. घरात कुणीतरी आहे."

तिकडून मुलगी काही बोलली.

"खुर्ची सरकते. मी ठेवलेल्या वस्तू हलतात. परवा माझ्या खांद्याला कुणीतरी..." तिने फोन ठेवला, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली.

त्यानंतर मी चपला घालणं सोडलं. खुर्ची उचलून ठेवायचो, ओढायचो नाही. खोकला आला तर तोंडावर उशी. सदरे परत लावणंही सोडलं. ज्या बाईला पन्नास वर्षांत मी कधी आवाज चढवून बोललो नाही, ती दाराआड माझ्या पावलांची चाहूल घेत बसली होती. माझी मला भीती वाटायला लागली. भिंतीला पाठ लावून मी तासन्‌तास बसून राहायचो, आणि आपण श्वास घेतोय ना, तेवढं तपासायचो.

८

शेवटी मी मुलीला सगळं सांगितलं. रंगाऱ्यापासून शिंप्यापर्यंत.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज फार लांबून येतोय."

"तारांचं काहीतरी असेल. ते सगळं पुसून पहिल्या पानापासून लावता येईल का, तेवढं सांग."

"येईल. पण बाबा, पहिल्यापासून म्हणजे दादाचा जून पुन्हा..."

"तिथवर जायचंच नाही. चौदा साल आलं की वायर काढायची. तिला तिथेच राहू दे. कागद कापत बसेल."

"आणि तुम्ही?"

"मी आहे की शेजारी. जितके दिवस आहे तितके."

"नंतर?"

"नंतर तू ये."

ती रडत होती. रडत रडतच तिने कुठे दाबायचं ते सांगितलं. वायर जोडली आणि मी दाबलं. भर दुपार होती, बारा वाजून गेले होते. पडदा काळा झाला, आणि मग ती पहिली तारीख आली.

आतली कडी निघाली.

बायको बाहेर आली. तिने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. पुरं, भरलेलं बघणं. "अहो, कधी आलात? हाक नाही मारायची?"

मी तिचे दोन्ही हात धरले. ते गरम होते. तिने माझ्या डोळ्यांना पदर लावला. "काय झालं? कुणी काही बोललं का?"

"काही नाही. भूक लागली."

"मग बसा की."

तिने ताटं घेतली. एक माझ्यासमोर ठेवलं, एक तिच्या जागेवर. तिसरं माझ्या बाजूला ठेवलं. मागच्या वेळीही ती मुलाचं ताट मांडायची. तो माल आणायला गेलाय म्हटलं की पुन्हा उचलून ठेवायची. मी तेच म्हणणार होतो.

"हा पोरगा हात धुवायला गेला की तिथलाच होतो," ती म्हणाली.

तेव्हा मला नळाचा आवाज ऐकू आला.

मोरीत नळ सुरू होता. पाणी बादलीत पडत नव्हतं, हातांवर पडून फुटत होतं. मधेच आवाज बदलायचा, ओंजळ भरून कुणी तोंडावर पाणी मारावं तसा. घरात आम्ही दोघंच होतो. नळ मी सकाळी घट्ट बंद केला होता, तिला थेंबाचाही आवाज नको म्हणून.

मागच्या वेळी दोन-अडीच महिन्यांत मला असलं काही एकदाही ऐकू आलं नव्हतं. जे काही दिसायचं, ते तिला दिसायचं. या खेपेला मला का ऐकू यावं, हा विचार मनात आला. मी तो पुरा केला नाही.

"अरे, ये ना लवकर," तिने हाक मारली. "बाबा खोळंबलेत."

नळ बंद झाला.

मी मोरीच्या दाराकडे पाहिलं नाही. ताटाकडे बघत राहिलो. फक्त माझी खुर्ची उचलून जरा पुढे घेतली, मागून त्याला यायला जागा व्हावी म्हणून.